पदव्या मोजू नका, तारखा वाचा!

परवा दुपारी कोर्टाच्या आवारात एक बाप आपल्या मुलाला घेऊन आम्हाला भेटायला आला. बाप बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली काम करणारा. मुलगा अभियांत्रिकीला. घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला पहिलाच. शिष्यवृत्तीचा हप्ता अडकलेला, वसतिगृहाच्या यादीत नाव नाही, पहिल्या वर्षाचे विषय राहून गेलेले आणि त्यापायी आता वाय.डी. लागलेला. एका मित्राच्या खोलीवर पाच जणांत सहावा म्हणून तो राहत होता. त्याला आमच्याकडून एक अर्ज लिहून हवा होता. कॉलेज सोडत आहे, दाखला व मूळ कागदपत्रे परत द्यावीत, असा. वकिलाच्या हातचा अर्ज असला म्हणजे काम लवकर होते, असे त्याला कुणीतरी सांगितले होते.

आम्ही त्याला बसवले, चहा मागवला आणि विचारपूस केली. आमच्या टेबलामागे भिंतीवर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा फोटो आहे. निळा कोट, हातात पुस्तक आणि खाली पदव्यांची लांबलचक ओळ. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. आमचे बोलणे चालले असताना मुलाची नजर त्या फोटोकडे गेली आणि तो खाली मान घालून म्हणाला की, बाबासाहेबांची गोष्ट वेगळी होती, ते महामानव होते, आपण साधी माणसे. बापाने मान डोलावली. आमच्या मात्र काळजात चर्र झाले.

चूक त्या मुलाची नाही, चूक आमची आहे. आम्ही म्हणजे व्यासपीठावरून भाषणे ठोकणारे, जयंतीच्या बॅनरवर पदव्या छापणारे सगळेच. आम्ही बाबासाहेबांच्या पदव्या एका ओळीत छापल्या आणि त्या एका ओळीत जणू एका श्वासात मिळाल्या असे पोरांना वाटू दिले. आम्हा वकिलांना एक सवय असते. कागद हातात आला की आधी तारीख पाहायची. दोन तारखांच्या मध्ये काय घडले, यातच खटल्याचे मर्म असते. बाबासाहेबांच्या पदव्यांच्या तारखा आज आम्ही त्या मुलासाठी आणि त्याच्यासारख्या हजारो मुलामुलींसाठी येथे मांडत आहोत.

पहिली तारीख ७ नोव्हेंबर १९००. या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर हे नाव रजिस्टरमध्ये चढले. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला आहे. आई भीमाबाई आधीच गेलेल्या. शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात घरून नेलेल्या गोणपाटावर बसायचे, तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावे तेव्हा प्यायचे, शिपाई नसला तर तहानलेलेच राहायचे. पुढे संस्कृत शिकायची इच्छा असूनही शिकू दिले नाही म्हणून फारसी घ्यावी लागली. हे सर्व आपल्याला पाठ आहे. पुढचे मात्र आपण फारसे सांगत नाही.

रामजी सुभेदार मुलांना घेऊन मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत सामान, त्याच खोलीत सगळ्यांची झोप. अभ्यासाला जागा कुठली? बाप-लेकांनी वेळ वाटून घेतली. मुलगा लवकर झोपायचा, बाप जागा राहायचा. रात्री दोन वाजता बाप मुलाला उठवायचा आणि त्याच्या जागेवर स्वतः पाठ टेकायचा. पुस्तकांना पैसे कमी पडले की सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जायचे. मुलींकडे रोकड नसली तर त्या अंगावरचा दागिना काढून द्यायच्या. तो सावकाराकडे गहाण पडायचा आणि पेन्शन हाती आली की सोडवला जायचा. हे सर्व सोसून १९०७ साली मॅट्रिकचा निकाल लागला. गुण किती? ७५० पैकी २८२. म्हणजे शेकडा अडतीसही नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, हा आकडा नीट वाचा. त्या काळी मॅट्रिक होणे हेच मोठे दिव्य होते आणि अस्पृश्य मुलाने ते पार करणे ही अपूर्व घटना होती, म्हणून तर सत्काराची सभा झाली. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. परंतु आज एखादा मुलगा तेवढेच शेकडा गुण घेऊन घरी आला तर आपण त्याला काय बोललो असतो? हा पोरगा शिक्षणाच्या कामाचा नाही, असा शिक्का आपणच मारला असता. जगातल्या नामांकित विद्यापीठांनी पुढे ज्यांना सन्मानाने पदव्या दिल्या, त्यांची सुरुवात त्या गुणांनी झाली होती.

दुसरी तारीख फेब्रुवारी १९१३. केळुसकर गुरुजींच्या प्रयत्नाने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली होती आणि त्या आधारावर भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले होते. डिसेंबर १९१२ मध्ये यशवंतचा जन्म झाला. जानेवारीत भीमराव बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले आणि काही दिवसांतच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. ते तातडीने निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. घरी पोहोचायला उशीर झाला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी बाबांनी देह ठेवला. रात्री दोन वाजता उठवणारा बाप गेला. हाती बी.ए.ची पदवी, घरी तान्हे मूल, चाळीतला संसार, डोक्यावर जबाबदारी. एकवीस वर्षांच्या तरुणाने तेथेच शिक्षणाला रामराम ठोकला असता तर त्याला कुणी नाव ठेवले असते का? नसते ठेवले.

परंतु त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठवायचे ठरवले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर भीमरावांनी जून १९१३ मध्ये सही केली आणि जुलैमध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती. या तीन वर्षांचा त्यांनी कसा उपयोग केला, याची नोंद विद्यापीठाच्या दप्तरी आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, शिवाय तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र आणि वर फ्रेंच, जर्मन. एडविन सेलिग्मन आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे प्राध्यापक लाभले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये जातिसंस्थेवरचा सुप्रसिद्ध निबंध वाचला. त्याच वर्षी ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. येथपर्यंत वाट चढणीची असली तरी सरळ होती.

आता तिसरी तारीख. सन १९१७. बाबासाहेबांच्या विद्यार्थिजीवनातील हे सर्वांत कठीण वर्ष.

शिष्यवृत्तीची मुदत संपली. बडोद्याहून परत येण्याचा हुकूम आला. लंडनची पदवी अर्धवट, बॅरिस्टरी अर्धवट. महायुद्ध पेटलेले. अशा वेळी त्यांनी काय केले, हे प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत लिहून ठेवावे. ते निराश होऊन निघून आले नाहीत. त्यांनी लंडन विद्यापीठाकडे रीतसर परवानगी मागितली की, आज आपल्याला जावे लागत आहे, परंतु चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची मुभा मिळावी. ती मुभा मिळाली. मगच ते निघाले. जाताना दार ओढून घेतले, पण कुलूप लावले नाही.

दैवाने मात्र पाठ सोडली नाही, असे देव मानणारा म्हणेल. आम्ही म्हणतो, युद्धाने आणि जातीने पाठ सोडली नाही. त्यांचे सामान ज्या बोटीतून येत होते, ती शत्रूच्या पाणबुडीने बुडवली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईला पोहोचले. बुडालेल्या सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातून बडोद्याला जाण्याची सोय झाली! हातचे ग्रंथ गेले आणि त्यांच्या मोलात रेल्वेचे तिकीट मिळाले, ते तिकीट तरी कुठले? अपमानाच्या गावाचे.

बडोद्याच्या कचेरीत शिपाई कागद दुरून फेकू लागले. एवढा शिकलेला माणूस, पण गावात राहायला जागा नाही. नाव बदलून एका पारशी विश्रामगृहात ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याचे फर्मान सोडून गेला. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडे आसरा मागितला. दोघांनीही सबबी सांगितल्या. रात्रीच्या गाडीला अवकाश होता. ते पाच तास बाबासाहेबांनी बडोद्याच्या सार्वजनिक बागेत बसून काढले. कोलंबियाचा एम.ए., ज्याचा पीएच.डी.चा प्रबंध लिहून झाला होता, असा सव्वीस वर्षांचा विद्वान उघड्यावर बसला होता आणि त्याला त्या शहरात डोके टेकायला चार हात जागा नव्हती. कितीतरी वर्षांनंतरही ती आठवण काढताना डोळ्यांत पाणी आल्यावाचून राहत नाही, अशा अर्थाचे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

मित्रांनो, हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. ज्या पुरुषाला आपण पोलादी म्हणतो, त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते. रडणे म्हणजे हार नव्हे. खोलीचे दार लावून रडावेसे वाटले तर खुशाल रडा. पण त्या बागेतून बाबासाहेब उठले आणि गाडीत बसले, तसे तुम्हालाही उठावे लागेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. बाबासाहेबांनी बडोदे सोडले. जेथे माणूस म्हणून उभे राहता येत नव्हते, ती नोकरी त्यांनी सोडली, पण शिक्षण सोडले नाही. काय सोडायचे आणि काय धरून ठेवायचे, यातला हा फरक आहे. एखादे वसतिगृह, एखादी खोली, प्रसंगी एखादे कॉलेजसुद्धा बदलावे लागेल. ते बदलणे म्हणजे पळून जाणे नव्हे. परंतु एका जागेचा राग शिक्षणावर काढू नका.

मुंबईला परतल्यावर काय वाट्याला आले? दोन-तीन विद्यार्थ्यांच्या शिकवण्या. शेअर बाजारासंबंधी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, पण सल्लागार महार आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि तो बंद पडला. म्हणजे आजच्या भाषेत बेकारी. त्या बेकारीच्या काळात त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर अभ्यासपूर्ण निबंध लिहिला, तो १९१८ साली प्रसिद्ध झाला. शेतीवर जास्तीची माणसे लादली गेली आहेत, त्यांना उद्योगात काम मिळाल्याशिवाय शेतीचा प्रश्न सुटणार नाही, हा त्यातला विचार आजही अर्थशास्त्राचे अभ्यासक वाचतात. तो लिहिणाऱ्याच्या घरी तेव्हा दुसऱ्या महिन्याच्या खर्चाची शाश्वती नव्हती.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार ४५० रुपये. तेथेही प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावर सहकाऱ्यांनी हरकत घेतली. तरीसुद्धा बाबासाहेबांनी नोकरी केली, कारण आता त्यांच्या मनात एक हिशोब चालू होता. लंडनच्या विद्यापीठाने दिलेली चार वर्षांची मुदत उलटत होती. परळच्या चाळीतील दोन खोल्यांचा संसार माता रमाईंनी ठरावीक रकमेत ओढला आणि उरलेली पै न् पै लंडनसाठी साठत गेली. या काळातच, जानेवारी १९१९ मध्ये, साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांची साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी छत्रपती शाहू महाराजांच्या मदतीने 'मूकनायक' सुरू केला. मार्चमध्ये माणगावची परिषद गाजवली. आणि नेता म्हणून नाव दुमदुमू लागले असताना, लोक खांद्यावर घ्यायला तयार असताना, ते जुलै १९२० मध्ये पुन्हा विद्यार्थी होण्यासाठी बोटीत बसले. आज दोन मोर्चांत फोटो आला की पुस्तके माळ्यावर टाकणाऱ्या आमच्या काही तरुण कार्यकर्त्यांनी याचा विचार करावा.

या दुसऱ्या प्रवासाला स्वतःची बचत पुरली नाही. शाहू महाराजांनी हात दिला आणि कोलंबियापासूनचे मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. भथेना पारशी होते. ज्या समाजाच्या जमावाने काठ्या घेऊन बाहेर काढले, त्याच समाजातल्या मित्राने वेळेला हात दिला आणि बाबासाहेबांनी तो घेतला. एका जमावाच्या दुष्टाव्यापायी त्यांनी माणसांवरचा विश्वास गमावला नाही आणि मदत घेण्यात कमीपणा मानला नाही.

लंडनमधले दिवस म्हणजे अर्धपोटी अभ्यासाचे दिवस. सकाळी खानावळवालीने दिलेला पावाचा तुकडा आणि चहा, की थेट ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय. दुपारचे जेवण बहुधा नाहीच. संध्याकाळी वाचनालय बंद होईपर्यंत वाचन, रात्री खोलीवर पुन्हा वाचन. भूक अनावर झाली तर देशातून आलेले पापड भाजून खायचे. किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या घरात ते त्या काळी राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि तेथे स्मारक झाले. परंतु स्मारक पाहायला जाणाऱ्यांनी त्या घरात एक अर्धपोटी विद्यार्थी राहत होता, हे विसरू नये.

जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध डी.एस्सी.साठी सादर केला. मध्यंतरी ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले होते. मोठा आधार गेला होता. बॅरिस्टरीचे काम पार पडले होते, जर्मनीतील बॉन विद्यापीठात शिकण्याचा प्रयत्न सुरू होता. आणि मार्च १९२३ च्या सुमारास लंडनहून निरोप आला. परीक्षकांना प्रबंध आहे त्या स्वरूपात मान्य नाही, तो पुन्हा लिहावा लागेल.

ही चौथी तारीख. आपल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? बाबासाहेबांचा प्रबंध परत आला होता. ब्रिटिश सरकारच्या चलनविषयक धोरणावरची त्यांची टीका परीक्षकांना झोंबली, असे चरित्रकार सांगतात. कारण काहीही असो, विद्यार्थ्याच्या दृष्टीने अर्थ एकच. उपाशीपोटी केलेली मेहनत नामंजूर. खिशात पैसा नाही. लंडनमध्ये राहून पुन्हा लिहिणे शक्य नाही. ते मुंबईला परतले. चाळीतल्या त्याच खोल्यांत, संसाराच्या कोलाहलात, वकिलीची सनद घेण्याइतके पैसे जवळ नसताना (त्यासाठीही पुन्हा भथेनाच धावून आले), त्यांनी प्रबंध नव्याने लिहून काढला. मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. ऑगस्ट १९२३ मध्ये तो पुन्हा लंडनला धाडला आणि वर्ष संपण्यापूर्वी डी.एस्सी. मिळाली. डिसेंबर १९२३ मध्ये तोच प्रबंध लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाला, त्याला त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. १९२५ साली भारतीय चलनाविषयी शाही आयोग आला तेव्हा त्याने ज्या तज्ज्ञांच्या साक्षी घेतल्या, त्यात डॉ. आंबेडकर होते.

आणि पीएच.डी.? न्यूयॉर्क सोडले १९१६ साली. प्रबंध छापून प्रती विद्यापीठाला द्याव्यात असा नियम होता आणि छपाईला पैसा लागतो. पुस्तक निघाले १९२५ साली. पदवी रीतसर मिळाली १९२७ साली. विद्यापीठ सोडल्यानंतर अकरा वर्षांनी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. मधल्या काळात पोटची लेकरे मातीआड करावी लागली. लाडका राजरत्न १९२६ मध्ये गेला. फोटोखालची ती एक ओळ छापायला प्रेसवाल्याला एक मिनिट लागते. ती मिळवायला बाबासाहेबांना बी.ए.नंतर चौदा वर्षे लागली.

आता त्या मुलाला आम्ही काय सांगितले, ते येथे नमूद करतो.

पहिली गोष्ट, थांबणे आणि सोडणे यात फरक आहे, आणि तो फरक कागदावर दिसला पाहिजे. बाबासाहेब तीन वर्षे थांबले होते, पण लेखी परवानगी घेऊन. तुमच्यावरही थांबण्याची वेळ आली तर न सांगता गैरहजर राहू नका. प्राचार्यांच्या नावे अर्ज करा, अडचण लिहा, प्रवेश कायम ठेवण्याची विनंती करा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. शिष्यवृत्ती अडकली तर महाडीबीटीवरील अर्जाची स्थिती काढून समाजकल्याण कार्यालयात लेखी तक्रार द्या. वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजनेच्या अटी वाचा. मूळ प्रमाणपत्रे महाविद्यालयांनी अडवून ठेवू नयेत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा निर्देश आहे, तो माहीत असू द्या. तोंडी रडगाणे हवेत विरते, पोच असलेला कागद टिकतो. हे आम्ही वकिलीच्या अनुभवाने सांगतो.

दुसरी गोष्ट, चिकाटी म्हणजे निमूट सोसणे नव्हे. जातीवरून कोणी हिणवले, मुद्दाम नापास केले, तर ते सहन करून अभ्यास करा, असे आम्ही सांगणार नाही. बाबासाहेबांनी कुठलाही अपमान गिळून विसरला नाही, त्याचा पुरावा केला आणि पुढे त्यावर कायदा केला. कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांना आपण गमावले. त्या दोन्ही बातम्या वाचताना आमच्या मनात एकच प्रश्न होता. त्या रात्री आपल्यापैकी कुणी त्यांच्या दाराशी का नव्हते? म्हणून, मनात जीव नकोसा झाल्याचा विचार येत असेल तर एकटे राहू नका. मित्राला उठवा, घरी फोन करा, विहारातल्या कुणा वडीलधाऱ्याला सांगा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आहे. मध्यरात्री फोन केला म्हणून आमचा कुणी कार्यकर्ता रागावला तर तो कार्यकर्ता नव्हे.

तिसरी गोष्ट मुलांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. बाबासाहेबांच्या जिद्दीला तोड नाही, परंतु ती जिद्द एकटी नव्हती. दागिना काढून देणाऱ्या बहिणी होत्या, रात्री दोनला उठवणारा बाप होता, महाराजांकडे घेऊन जाणारे केळुसकर गुरुजी होते, सयाजीराव आणि शाहू महाराज होते, भथेना होते आणि उपाशी राहून संसार करणारी रमाई होती. हे बाबासाहेब कधी विसरले नाहीत. म्हणून तर बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला मुलांसाठी वसतिगृह काढले. म्हणून तर बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. म्हणून तर १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालयाचे काम सुरू झाले. स्वतः पार केलेल्या नदीवर त्यांनी मागच्यांसाठी पूल बांधला.

त्या पुलावरून पलीकडे गेलेले आम्ही आज काय करत आहोत? आरक्षणाने नोकरी, नोकरीने फ्लॅट, फ्लॅटच्या दारावर अशोकचक्र, आणि गल्लीतला एक मुलगा तीन हजारांच्या परीक्षा फीपायी कॉलेज सोडतो त्याची दारातल्या नोकरदाराला खबर नाही! 'पे बॅक टू सोसायटी' ही घोषणा मेळाव्यात टाळ्या घेते. प्रत्येक विहारात या वर्षी निदान एक वही ठेवा. वस्तीतल्या कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचे नाव, वर्ष आणि अडचण तीत लिहा आणि दर पौर्णिमेला ती वही उघडा. जयंतीच्या डीजेचे एक दिवसाचे भाडे त्या वहीसाठी राखून ठेवा. आम्हाला ठाऊक आहे की, हे लिहिल्याने काही मंडळे नाराज होतील. होऊ द्या.

आम्ही स्वतः दिवसा नोकरी करून कायदा शिकलो. एका वर्षी नापास झालो तेव्हा पुस्तके रद्दीत घालायला निघालो होतो. रद्दीवाल्याच्या दारातून आम्हाला हाताला धरून परत आणणारा एक शेजारी होता. तो गिरणी कामगार होता आणि त्याला सहीपुरतेच लिहिता येत होते. आज आमच्या अंगावर काळा कोट आहे, त्याचे श्रेय आम्ही त्याला देतो.

त्या दुपारी आम्ही दोन अर्ज लिहिले. एक, त्या मुलाने सांगितला तो, दाखला परत मागणारा. दुसरा, एक वर्षाचा खंड मंजूर करून प्रवेश कायम ठेवावा आणि शिष्यवृत्तीच्या हप्त्याचा लेखी खुलासा द्यावा, अशी मागणी करणारा. दोन्ही त्याच्यापुढे ठेवले आणि फोटोखालच्या पदव्यांपुढे पेन्सिलीने वर्षे लिहून दाखवली. १९१५, १९२१, १९२३, १९२७. मुलगा बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला. मग त्याने बापाकडे पाहिले आणि दुसऱ्या अर्जावर सही केली.

पहिला अर्ज आम्ही फाडला नाही. तो आमच्या फाईलमध्ये ठेवला आहे. मुलगा पदवी घेऊन येईल त्या दिवशी त्याच्या हातानेच तो फाडायचा, असे आमचे ठरले आहे. तोवर त्याच्या खोलीचे भाडे आमच्या बार रूममधल्या चार मित्रांनी वाटून घेतले आहे.

विद्यार्थी बंधू-भगिनींनो, आजपासून बाबासाहेबांच्या फोटोपुढे उभे राहाल तेव्हा पदव्या मोजू नका, तारखा वाचा. दोन तारखांच्या मधल्या रिकाम्या जागेत सध्या तुम्ही उभे आहात. पुढची तारीख तुमच्या हातची आहे.

जय भीम!